भिंतीतली जाळी

गल्लीतल्या बायका तिच्याबद्दल म्हणत, "या पोरीला उकिरड्यावर नेऊन बसवा, नाक म्हणून मुरडायची नाही." हे कौतुक होते. ताप अंगावर काढून ती शाळेत जाई. चप्पल चावली तरी लंगडणे कुणाला दिसू देत नसे. घरातली शेवटची म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणत. शिष्यवृत्ती मिळवून ती परदेशी शिकायला निघाली, तेव्हा शेजारच्या काकूंनी तिच्या आईला धीर दिला, "तिची कसली काळजी करता? ती तिथेच काय, चंद्रावरसुद्धा निमूट राहील."

खोली मिळाली ती एका जुन्या घराच्या तळाशी. खिडकी लहान आणि रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. पलंगाच्या पायथ्याशी भिंतीत एक कपाट होते आणि त्यात घरभराचे पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर. मधूनच तो हुंकार देऊन पेटे आणि कपाटाच्या फटींतून निळसर उजेड फरशीवर उमटे. घरमालकीण पलीकडच्या गल्लीत राही. किल्ली हातावर ठेवताना ती म्हणाली, "आधीची मुलगी वर्ष अर्धवट टाकून गेली. सारखं काहीतरी दुखायचं तिचं. तू तशी वाटत नाहीस."

"नाही, मी तशी नाही," धाकटी चटकन म्हणाली. बोलून गेली आणि जणू वचनात अडकली.

शेजारच्या खोलीत, कपाटाच्या भिंतीपलीकडे, तिथल्याच शहरातली एक मुलगी राही. दारातून आत येताना तिला वाकावे लागे, म्हणून फोनवर आईशी बोलताना धाकटीने तिचे नाव जिराफ ठेवले होते. घरी भावंडांच्या दंग्यात अभ्यास होत नाही, म्हणून जिराफ इथे राहायला आली होती. शनिवार उजाडला की मात्र ती बस पकडून आईकडे पळे.

मग थंडी पडली. अशी थंडी धाकटीने पाहिली नव्हती. कपाटावरच्या भिंतीत एक लोखंडी जाळी होती. तिच्यातून वारा सुईसारखा आत शिरे. गावाकडे पत्र्याच्या फटींतून वारा येऊ लागला की आई जुन्या साडीच्या चिंध्या वळून त्यांत ठासून बसवी, इतक्या सफाईने की शेजारणी तिला मुद्दाम बोलावून नेत. धाकटीने पेटीत तळाशी घातलेली आईची जुनी साडी काढली, फाडली आणि जाळीचे एकेक भोक बुजवले. दाराखालची फटही सोडली नाही. खोली उबदार झाली. त्या रात्री तिला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. अंमळ जास्तच गाढ.

सकाळी डोके जड होते. दुसऱ्या दिवशीही. कॉलेजात गेल्यावर ते उतरे, खोलीत परतल्यावर पुन्हा चढे. पुस्तकातल्या ओळी एकमेकींवर सरकत. जेवणाचा वास नकोसा होई. फरशीवरचा निळा उजेड अलीकडे पिवळट दिसू लागला होता. तिला तो जास्त घरगुती वाटला.

फोनवर आईने विचारले, "धाकटे, आवाज असा का गं येतोय तुझा?"

"घराची आठवण येते. खोलीत आलं की जास्तच."

आईच्या खांद्यावरून काकूंनी पडद्यात डोकावून पाहिले. "आठवण कसली? गाल बघा कसे लालबुंद झालेत! मानवली हो तिथली हवा!"

सगळे हसले. धाकटीही हसली. मग फोन ठेवून, दुपार असूनही, पुन्हा आडवी झाली.

आधीच्या मुलीचा विचार तिच्या मनात येऊन जाई. ती याच पलंगावर झोपत असेल, तिचेही डोके इथेच दुखत असेल. पण मालकिणीला फोन करायचा म्हणजे आपण तिच्याच रांगेत जाऊन बसायचे. तिने फोन केला नाही.

त्या शनिवारी परीक्षेमुळे जिराफ घरी गेली नाही. दुपारी ती धाकटीच्या दारात येऊन भिंतीला टेकली. तिचा चेहरा उतरला होता. "तुझ्याकडे डोकेदुखीची गोळी आहे? सकाळपासून घण बसताहेत. दोनदा ओकले."

"घराची आठवण येत असेल," धाकटी सवयीने म्हणाली.

"घराची?" जिराफ कसेबसे हसली. "माझं घर नदीपलीकडे आहे, बाई. परवाच तर जेवून आले."

धाकटीच्या हातातली गोळ्यांची डबी हातातच राहिली. हिचे घर इथेच. मग हिला कशाची आठवण? तिने कपाटाकडे पाहिले. फटीतला उजेड पिवळाधमक होता. तिने वर जाळीकडे पाहिले. चिंध्या घट्ट बसल्या होत्या. आईने बसवाव्यात तशाच.

ती उठली तेव्हा पाय जागेवर नव्हते. जिराफ दाराशीच खाली बसली होती. धाकटीने तिच्या काखेत हात घातले आणि जिन्यावरून, पायरी पायरीने, अनवाणी तिला अंगणात ओढून आणले. थंडी अंगाला कापत होती. दोघी घटाघट पाणी प्यावे तसा वारा पीत राहिल्या. मग धाकटीने मदतीला फोन लावला.

गॅसवाल्यांनी बॉयलर बंद करून त्याला सील ठोकले. धुराडे आधीपासूनच अर्धे तुंबले होते. बॉयलरचा उरलेला श्वास चिंध्यांनी कोंडला होता आणि त्याचा बिनवासाचा विषारी वायू दोन्ही खोल्यांत साचत होता. मालकीण धावत आली आणि आधी धाकटीवरच उखडली, "परस्पर सरकारी माणसं बोलावलीस? तू तर तक्रार करणारी नव्हतीस!"

धाकटीने जाळी आपणच बुजवल्याचे लपवले नाही. मात्र दुखण्याचे खरे कारण कळवायला आधीच्या मुलीचा पत्ता मागितला आणि मिळेपर्यंत दारातून हलली नाही.

ही हकीकत गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. रुग्णालयातून सुटल्यावर तिने घरी फोन केला. आई पदर डोळ्यांना लावून बसली होती, म्हणून फोन काकूंनी घेतला. "अगं, परक्या मुलखात एवढा गाजावाजा कशाला करायचा? आम्ही तर सांगत होतो, आमची धाकटी कध्धी तक्रार करायची नाही."

"काकू, तक्रार केली म्हणून फोनवर मी आहे. नाहीतर मी मेल्याचं सांगायला दुसरंच कुणीतरी असतं. आता आईकडे द्या फोन."