नत्थूजींच्या मानेची उशी

वर्ध्याच्या स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळच होती, पण फलाट तव्यासारखा तापला होता. पुण्याचा उन्हाळा म्हणजे उन्हाळ्याचा सराव असतो, हे मला तिथे कळलं. कमलआत्या मला घ्यायला आली होती. तिने माझ्या डोक्यावर ओला दुपट्टा (मोठं उपरणं) टाकला आणि म्हणाली, "हा मान्सून येईपर्यंत काढायचा नाही." आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. माझी कॉलेजची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि "तिला जरा माणसांत मिसळू दे" म्हणून आईने मला आत्याकडे पाठवलं होतं. मला माणसांत मिसळायची अजिबात हौस नव्हती.

आत्या बायकांच्या आजारांवर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर. बरीच वर्षं वर्ध्याच्या एका दवाखान्यात काम करत होती. पहिल्याच संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून आम्ही बाजेवर बसलो, तेव्हा तिने मला तिची अडचण सांगितली. बाळंतपणांनंतर पुष्कळ बायकांचं गर्भाशय खाली सरकतं. काहींना हसताना, खोकताना लघवी आवरत नाही. आत्या ऑपरेशन करायची, टाके भरून यायचे, कागदावर 'यशस्वी' लिहिलं जायचं. पण तीच बाई पुन्हा भेटली की तशीच जपून, एका अंगावर बसलेली असायची.

"म्हणून आता मी टाक्यांबद्दल विचारत नाही," आत्या म्हणाली. "बैलबंडीत बसता येतं का, पाणी भरता येतं का, हसता येतं का, हे विचारते. म्हणजे ऑपरेशन कुठे बदलायला हवं ते कळेल."

"मग?"

"मग काय, बोलतं कोण! सगळ्या म्हणतात, आमाले काई नाई. मोठे डॉक्टर म्हणतात, तक्रारच नाही तर खेडी कशाला हिंडता? या खेपेलाही बायका बोलल्या नाहीत तर हे काम बंद."

त्या बायकांना समजवायला आत्याने गर्भाशयाचा एक नमुना शिवला होता. जुन्या गुलाबी सॅटिनच्या परकराचा, आत वर्ध्याचा कापूस भरलेला, वर दोन्ही बाजूंना दोन लांब नळ्या. तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्रपूरची यष्टी पकडली. आत्याला पुढे बायकांत जागा मिळाली, मला मागे. शेजारी एक पांढऱ्या मिशांचे, टोपीवाले आजोबा. हिंगणघाटच्या अलीकडे गाडीने असा गचका खाल्ला की माझ्या पिशवीचा बंद तुटला आणि नमुना थेट त्यांच्या मांडीवर जाऊन पडला.

त्यांनी तो उचलला, दाबून पाहिला. "हे काय हाय व पोरी?"

माझ्या इंग्रजी शाळेने मला त्या अवयवाच्या प्रत्येक भागाचं नाव शिकवलं होतं. मराठीत मात्र, भर यष्टीत, अनोळखी आजोबांना सांगता येईल असं एकही नाव माझ्याकडे नव्हतं.

"उशी," मी म्हणाले.

"येवढीशी?"

"मानेची आहे."

"आन ह्या नाड्या?"

"बांधायला."

आजोबांना हे फार पटलं. त्यांनी नमुना मानेखाली घेतला, दोन्ही नळ्या हनुवटीखाली आणून नीट गाठ मारली आणि डोळे मिटले. "भल्ली मऊ हाय," एवढं म्हणून ते घोरायला लागले. गुलाबी सॅटिनमध्ये त्यांचा चेहरा फार समाधानी दिसत होता. आत्याने एकदा मागे वळून पाहिलं. मग ती समुद्रपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली, पण तिचे खांदे हलत होते.

समुद्रपूरला उतरताना मी गाठ सोडवून माझी 'उशी' परत घेतली. पुढच्या खेड्याकडे जाणाऱ्या बैलबंडीत आजोबा आधीच बसलेले होते. ते नत्थूजी. आमचा मुक्काम त्यांच्याच घरी ठरलेला होता. जमीन दुभंगली तर बरं, असं मला वाटलं. जमिनीला भेगा होत्या, पण माझ्या मापाच्या नव्हत्या.

नत्थूजींच्या बायकोने, गिरजाबाईंनी, जेवायला आंब्याचा रस आणि सरगुंडे (काडीवर गुंडाळून वाळवलेल्या, शिजवून खायच्या गव्हाच्या नळ्या) वाढले. त्या वाढत होत्या उभ्याने, गुडघे जुळवून. नत्थूजी मला म्हणाले, "म्हातारी काईच काम नाई करत आता. पाणी आणत नाई, जत्रेले येत नाई. आळशी होऊन राह्यली." गिरजाबाईंनी नवऱ्याच्या रसात साखर घातली नाही, एवढंच मी पाहिलं.

दुपारी त्यांच्या ओसरीवर पापड लाटायला बायका जमणार होत्या. पापडांना पुरुष फिरकत नाहीत, म्हणून आत्याने हीच वेळ धरली होती. सगळ्या जातींच्या, बुद्धविहाराकडच्या वस्तीतल्याही बायकांना तिने स्वतः बोलावणं दिलं होतं, आणि पापडांच्या बाबतीत कोणी मागे राहिलं नाही. मलाही पोळपाट मिळाला. माझा पहिला पापड पाहून गिरजाबाईंची सून शोभा म्हणाली, "ताई, हा तं बकरा झाला." दुसऱ्याला तिने चप्पल म्हटलं. तिसऱ्याला नाव ठेवायची तिची हिंमत झाली नाही.

आत्याने हळूच विचारलं, "काय गं, हसताना, खोकताना काही त्रास?"

लाटणी थांबली नाहीत. "नाई जी." "आमाले काऊन होईल?" "काई नाई बाप्पा."

मी आजूबाजूला पाहिलं. माझ्या बकऱ्याला सगळ्या हसल्या होत्या, पण तोंडातल्या तोंडात, पदर दाबून, गुडघे आवळून. इतकं बेताने हसणारं गाव मी पाहिलं नव्हतं.

आत्याने सुस्कारा टाकला आणि मला खूण केली. मी नमुना काढून तिच्या हातात दिला. "हे बघा, हे आपलं गर्भाशय. आणि बाजूला या दोन नळ्या..."

गिरजाबाईंचं लाटणं हवेतच राहिलं. "माय व! हे तं आमच्या बुढ्याची उशी! गाडीत मानेले बांधली होती म्हणत होता. मलेबी तशीच शिवून दे म्हणे!"

शोभाच्या नाकातून शिट्टीसारखा आवाज आला, आणि ओसरी फुटली. बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या, पिठात हात मारत होत्या. तेवढ्यात कुंपणापलीकडून नत्थूजींची हाक आली, "पोरी, थे उशी दे ना व! मान अकडली माही!"

यावर एक बाई एकदम उठली आणि परसाकडे धावली. तिच्यामागे दुसरी. मग गिरजाबाई, दोन्ही हातांनी लुगडं आवळून. बघता बघता ओसरीवर मी, आत्या, शोभा आणि नुसते पोळपाट उरलो.

आत्या त्या रिकाम्या ओसरीकडे बघत राहिली. "मिळालं उत्तर," ती हळूच म्हणाली.

बायका एकेक करून परतल्या, खाली बघत. आत्याने पुन्हा प्रश्न विचारलाच नाही. ती फक्त म्हणाली, "गिरजाबाई, कधीपासून?"

"धाकट्याच्या येळपासून."

"धाकटा केवढा आहे?"

"त्याले मिशा आल्या, बाई." आणि त्यांनी डोळे पुसले. हसण्याचं पाणी होतं की दुसरं, मला सांगता येणार नाही.

मग मात्र सगळ्या एकदम बोलायला लागल्या. दोन पावसाळ्यांपासून, लेकीच्या लग्नापासून, जत्रेत नाई जात म्हणून, मोटारीत नाई बसत म्हणून. मी लिहून घेत होते, आणि पापड उन्हात वाळून कडक झाले तरी कोणी उठेना.

संध्याकाळी नत्थूजींना सांगायचा प्रश्न आला. गिरजाबाईंना ऑपरेशन हवं होतं, आणि त्यानंतर बरेच दिवस ओझं उचलायचं नव्हतं. आत्या बोलणार होती, पण गिरजाबाईंनीच भाकर थापता थापता सांगून टाकलं. "मले वर्ध्याले दवाखान्यात जाणं हाय."

"काऊन व? काय झालं तुले?"

"तुमी मोटारीत ज्याच्यावर झोपले होते ना, थेच बिघडलं हाय माह्यं."

नत्थूजींचा घास हातात राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. मग ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मंग सांगाचं ना व. मी तं तुले आळशी म्हणत राह्यलो."

दुसऱ्या दिवशी पाणी त्यांनी आणलं. निम्मं वाटेत सांडलं, ते वेगळं.

गिरजाबाईंचं ऑपरेशन आत्याने, बायकांनी सांगितलं त्यावरून बदललेल्या नव्या रीतीने केलं. मी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी गिरजाबाई नत्थूजींना घेऊन पुन्हा तपासणीला आल्या होत्या. वॉर्डातले तरुण डॉक्टर म्हणाले, "आजी, खोका." गिरजाबाई पाहुण्यांच्या घरी खोकावं तसं खोकल्या.

"याने काय कळणार!" आत्या म्हणाली. "हसवायला हवं." आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मला विनोद सांगता येत नाहीत. मी पिशवीतून नत्थूजींसाठी शिवलेली उशी काढली आणि घाईघाईने त्यांच्या हातात दिली. मानेची, खरीखुरी, निळ्या खणाची, दोन नाड्यांची. नत्थूजींनी ती लांब धरली, उलटीसुलटी केली, नाड्या तपासल्या, आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "आता हे कोणाची हाय?"

गिरजाबाई फुटल्या. सवयीने त्यांचा हात खाटेच्या कडेला गेला, पाय जमिनीला टेकले, धावायच्या तयारीत. आणि मग त्या थांबल्या. वाट पाहिली. चेहऱ्यावर नवल पसरत गेलं.

"काईच नाई झालं व," त्या म्हणाल्या. मग खाटेवर मांडी घालून, दोन्ही हात मोकळे सोडून, पुन्हा पहिल्यापासून हसल्या. या वेळी उगीचच. नत्थूजी उशी बांधून बसलेच होते. मोठ्या डॉक्टरांनी दारातून डोकावून विचारलं की इथे काय चाललं आहे. आत्या म्हणाली, "काम."

परतीच्या गाडीत जुना गुलाबी नमुना माझ्याकडे होता. आत्याने नवा शिवला होता. पिशवीचा बंद मी अजून लावला नव्हता, त्यामुळे बडनेऱ्याच्या पुढे तो पुन्हा बाहेर घसरला. समोरच्या बाकावरच्या काकू म्हणाल्या, "छान आहे गं. उशी का?"

"नाही," मी म्हणाले. "गर्भाशय."

डब्यातला पत्त्यांचा डाव थांबला. एक काका वर्तमानपत्राच्या आत गेले. माझे कान इतके तापले की वर्ध्याचा फलाट आठवला. मग काकू उठल्या, माझ्या शेजारी येऊन एका अंगावर जपून बसल्या, आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर आहेस का गं?"

मी डॉक्टर नव्हते. पण भुसावळ यायला अजून बराच वेळ होता. मी नमुना मांडीवर घेतला आणि त्याच्या नळ्या सरळ केल्या.