लाल रेघेखालची बिडी

आमच्या तालुक्यात 'धूम्रपानास सक्त मनाई' असे हाताने रंगवलेले जेवढे बोर्ड आहेत, ते सगळे एकाच माणसाने रंगवले आहेत, आणि रंगवताना त्याच्या तोंडात पेटलेली बिडी होती. 'सक्त'मधला 'क्त' वळवताना तर आबा पेंटर एक खोल झुरका घेऊन श्वास रोखून धरत. अक्षर पुरं झालं की मग धूर बाहेर. त्या जोडाक्षराला तसं वळण दुसऱ्या कुणाच्या हातून आलेलं मी पाहिलेलं नाही. एसटी स्टँडसमोर माझं रंगाचं दुकान आहे, त्यामुळे हा सोहळा मला कायम पहिल्या रांगेतून फुकट बघायला मिळाला.

आबा लिहायचे शुद्ध मराठीत आणि बोलायचे अहिराणीत. कायदा आला तेव्हा त्यांच्या हातात एक छापील नमुना पडला: लाल गोल, आत सिगारेट, सिगारेटीवर आडवी लाल रेघ. आबांनी तो कागद उजेडात धरून पाहिला, जशी एखादी स्थळाची पत्रिका पाहावी.

"आठे सिगारेट कोण पेस? बिडीच काढनी पडी," इथे सिगारेट ओढतो कोण, असा त्यांनी निकाल दिला.

मग माझ्याकडून तपकिरी नेला, पिवळा नेला, पानाच्या शिरांसाठी बोटभर हिरवा नेला. अशी बिडी काढली म्हणता! दुमडलेलं टोक, कमरेला गुलाबी दोरा, पुढे निखारा आणि त्यातून वर जाणारी धुराची अशी लाडिक वेलांटी, की बघणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जावा. लाल रंग मात्र आबांनी सगळ्यात कमी नेला होता. तो का, ते बोर्ड लागल्यावर कळलं. मनाईची रेघ सुतासारखी बारीक होती.

स्टँडवरचे कंट्रोलर साहेब बाहेर आले. "आबा, ही रेघ आहे की केस आहे? जाड करा."

साहेब लोकांशी बोलताना आबा अहिराणी घडी घालून ठेवत. म्हणाले, "साहेब, नवरीचा फोटो काढायचा आणि तिच्याच तोंडावर फुली मारायची, हे कुठल्या कायद्यात बसतं?"

व्हायचं तेच झालं. ज्यांना बिडीची आठवणही नव्हती त्यांना बोर्ड बघून तलफ येऊ लागली. एकदा शिरपूरकडून आलेले एक म्हातारबा नेमके बोर्डाखाली मांडी घालून बसले आणि निवांत बिडी ओढू लागले. साहेब पावतीपुस्तक घेऊन धावले, तर म्हातारबाच त्यांना समजावू लागले, "साहेब, जठे नळ काढेल शे तठे पाणी भेटस. आठे बिडी काढेल शे, मंग आठेच पेवानी ना?" साहेबांनी पावतीपुस्तक मिटलं. आबा तिकडे खांबाआड हसून हसून खोकत होते.

पण या कायद्याने खरी पंचाईत केली ती आबांचीच. रोज संध्याकाळी आबा आणि भिला नाना, म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, यांची एक बैठक असे. दोघे मिळून एक बंडल संपवत आणि गावातल्या एकूण एक माणसाचा हिशोब लावत. मूळ बैठक स्टँडवरच्या निंबाखाली. तिथे आबांनी बोर्ड लावला, उठावं लागलं. मग दवाखान्याची भिंत. तिथल्या बोर्डाचं कामही आबांनाच मिळालं. मग शाळेची मागची बाजू, मग पंचायतीचा ओटा. आबा ब्रश घेऊन आले की नाना दुरूनच ओरडत, "ऊठ रे आबा, तू उना!" म्हणजे, तूच आलास तुला उठवायला. स्वतःच स्वतःला हाकलत हाकलत आबा अखेर गावाबाहेरच्या पाटाच्या पुलावर पोचले. पुढे शेतं होती, तिथे बोर्ड लावायला कुणी बोलावलं नाही.

पूल माझ्या दुकानापासून चांगला दीड किलोमीटर. दीड जायला, दीड यायला. एका बिडीसाठी एवढी पायपीट परवडेना, म्हणून बंडलावरून चार बिड्यांवर आले. नानांचं ड्रायव्हरकीत कमावलेलं पोट उतरलं. डॉक्टरांनी खूश होऊन विचारलं, कसलं औषध घेता? नाना म्हणाले, "बोर्डनं."

आबांना दंडाची भीती कधीच वाटली नाही. पण एकदा स्टँडवर त्यांनी चुकून बिडी पेटवली आणि शेजारी उभी असलेली कॉलेजची पोरगी नाकाला ओढणी लावून दूर जाऊन उभी राहिली. आबांनी बिडी चपलेखाली विझवली, माझ्या दुकानात आले आणि स्टुलावर बसून म्हणाले, "भाऊ, पहिले बिडी पेटाडी का माणूस जोडे ये, इस्तो मांगाले. आते लांब पळस." विस्तव मागायला जवळ येणारी माणसं, हीच तर आबांची सगळी कमाई होती. आणि त्यातलं आता एकच माणूस उरलं होतं.

त्या माणसाचे गुडघे गेले. एका उन्हाळ्यात नाना स्टँडच्या बाकापर्यंत कसेबसे आले आणि बसले ते बसलेच. "मना गुडघा आते नही म्हणतस. तू जाई ये पूलवर. मी आठेच बसस."

आबा एकटे निघाले. पाऊण तासाने परत येऊन बाकावर टेकले. नानांनी त्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन हुंगलं.

"धूर कोठे शे?"

"पेटनी नही. काडीपेटी भिजनी."

"भर उन्हाळामा काडीपेटी भिजनी?"

आबांनी पुलावर बसून बिडी कानामागून काढली आणि परत कानामागे ठेवली, एवढंच झालं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पुलाकडे गेलेच नाहीत. नानांशेजारी बाकावर बसले. आता बाकासमोरच्या खांबावर काय होतं? आबांचाच बोर्ड. दोरा, निखारा, ती लाडिक वेलांटी. आठ दिवस आबा तिच्याकडे बघत बसले. मांडी हलवायचे, चहावाल्यावर खेकसायचे, नानांनी सांगितलेल्या गोष्टी खोट्या ठरवायचे. नाना म्हणायचे, "जाय ना पूलवर, कोण धरी ठेयेल शे तुले?" आबा उठायचे, दोन पावलं टाकायचे, आणि वळून पुन्हा बसायचे.

नवव्या दिवशी आबा दुकानात आले. "भाऊ, लाल दे. मोठा डबा."

मी डोळे विस्फारले. इतक्या वर्षांत त्यांनी लाल रंग कधी वाटीभराच्या वर नेला नव्हता. "साहेबांनी दम दिला वाटतं?"

"साहेब ग्या खड्डामा. ती माले दिनभर डोळा मारस!"

माझंच स्टूल खांबाशी लावलं. नानांनी बसल्या बसल्या स्टुलाचा पाय धरला. स्टँडवरचं पब्लिक गोळा झालं. पाचोऱ्याची गाडी लागली होती, पण तिचा कंडक्टरही घंटी मारायची विसरला. आबांनी दोन इंची ब्रश बुडवला आणि जणू नवरीच्याच डाव्या खांद्यावरून उजव्या पायापर्यंत अशी रेघ ओढली, की बिडीचं फक्त दुमडलेलं टोक आणि धूर उरला. तेवढं मात्र झाकायला हात धजावला नाही.

कंट्रोलर साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "आबा, किती वर्षं सांगत होतो मी!"

"तुम्ही नुसतं सांगत होता, साहेब," खाली उतरत आबा म्हणाले. "ती बोलवत होती."

त्यानंतर दोघांची बैठक पुन्हा स्टँडवर भरू लागली. कानामागे एकेक बिडी असे, न पेटवलेली, नुसती शोभेला. आश्चर्य म्हणजे आता त्या बाकावर दुसरी माणसंही टेकू लागली. ओढणीवाली पोरगी एकदा आबांनाच विचारत होती, "बाबा, चाळीसगावची गाडी गेली का?" आबांनी तिला पुढच्या तीन गाड्यांच्या वेळा सांगितल्या आणि वर तिच्या आजोबांचं नावही काढून घेतलं.

मागच्या हिवाळ्यात आबा गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. नाना म्हणतात, बिडी सोडल्यामुळे गेले.

मी रंगाचा धंदा करतो, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो: उन्हात सगळ्यात आधी लाल उडतो. या उन्हाळ्यात पाहिलं, तर खांबावरची रेघ फिकी पडून खालून आबांची बिडी वर आली होती. आधी निखारा, मग गुलाबी दोरा. भर दुपारी मी ब्रश आणि लाल डबा घेऊन गेलो. बाकावर नाना एकटेच होते.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आबानी शे ती."

मी डबा खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी, आबांच्या जागेवर बसलो. दोघं समोर बघत राहिलो. नानांनी कानामागची बिडी काढली, बोटांत फिरवली.

"काडीपेटी शे का रे भाऊ?"

"नाही नाना," मी म्हणालो.

दुकानातल्या उदबत्तीची काडीपेटी माझ्या शर्टाच्या खिशातून अर्धी बाहेर डोकावत होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं, वर रणरणत्या उन्हाकडे पाहिलं, आणि बिडी पुन्हा कानामागे ठेवली.

"भिजनी व्हई," ते म्हणाले.