जनेल प्रिबिलचा पहारा

आमच्या काउंटीत डेमोक्रॅट निवडून येत नाही. माझ्या आठवणीत आलेला नाही, माझ्या बापाच्याही नाही. तरी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्ही आठ-दहा जण टाउनशिपच्या हॉलमध्ये जमतो, घडीच्या खुर्च्या मांडतो आणि देशाची काळजी करतो. दारावर ‘यंग डेमोक्रॅट्स’ अशी पाटी असते. यंग म्हणजे पस्तीसपर्यंत. छत्तीस पूर्ण झाली की माणूस आपोआप म्हातारा ठरतो आणि त्याला मोठ्यांच्या कमिटीत ढकलतात. तिथे सगळे सत्तरीच्या पुढचे, कानांत यंत्रं घालून एकमेकांवर ओरडत बसलेले असतात.

जनेल प्रिबिल आमची अध्यक्ष होती. ऑक्टोबरअखेर, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर, तिची छत्तिशी भरणार होती. तिच्या जागी बसायला कोणीच नव्हतं. मी जनावरांच्या खाद्याच्या दुकानात पोती उचलते, मला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. बाकीचे फक्त खायला येतात. जनेल गेली की पाटी उतरणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण हा संघ तिने रिकाम्या हॉलपासून उभा केला होता, आणि तो कोणा भलत्याच्या हाती द्यायचा म्हटलं की तिची झोप उडायची.

भलता कोण, याचं तिचं माप मोठं कडक होतं. हॉलच्या दाराशी ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन उभी राहायची आणि प्रत्येकाचा फोन त्यात टाकून घ्यायची. स्वतः भिंतीला पाठ लावून बसायची. दर गुरुवारी ती आमचं बातमीपत्र काढायची, त्यात कुठलीही बातमी दोन तोंडांतून ऐकल्याशिवाय जायची नाही. नवा माणूस आला की आधी त्याच्या शर्टाची बटणं बघायची. आम्ही हसायचो. “जनेल, तुझी आई आली तर तिलाही ओळखपत्र मागशील का गं?” असं कोणी विचारलं की ती शांतपणे म्हणायची, “आईचं राजकारण मला ठाऊक आहे. तिला तर आधी मागीन.”

पण बटणांचं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. चार-पाच वर्षांपूर्वी टोपी घातलेला एक गोड बोलणारा माणूस आमच्याकडे आला होता. दारोदार फिरला, डोनट आणले, सगळ्यांची नावं लक्षात ठेवली. एकदा पत्रकं वाटून दमल्यावर जनेल त्याला थट्टेत म्हणाली, “इकडचे शेतकरी मत द्यायला येताना डोकं गोठ्यातच ठेवून येतात.” त्याच्या बटणात कॅमेरा होता. दोन दिवसांत ते वाक्य अख्ख्या राज्याने ऐकलं. जनेल तेव्हा शाळेची बस चालवायची, ती नोकरी गेली. तिच्या बापाच्या स्वतःच्या साठ गायी. तो एक अख्खा हिवाळा तिच्याशी बोलला नाही. तेव्हापासून ती चीज फॅक्टरीच्या दुकानात काउंटरवर उभी राहते आणि गिऱ्हाइकाशीही तोलूनमापून बोलते. मी तिच्या जागी असते तर राजकारणाचं नाव काढलं नसतं. ती मात्र चिवट आहे.

त्या उन्हाळ्यात थॅड ओल्स्टाड आला. सव्वीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. दोन काउंट्या पलीकडून इथल्या दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामावर आला होता. पहिल्याच शनिवारी जनेलने त्याला माझ्याबरोबर पत्रकं वाटायला पाठवलं, आणि तो असा फिरला जसा जन्मभर हेच करत आलाय. गवतावर पाय दिला नाही. कुत्र्याचं फाटक आठवणीने लावलं. दार वाजवून दोन पावलं मागे सरकला, म्हणजे आतल्या माणसाला दडपण येऊ नये. घरात कोणी नसलं तर पत्रक दाराच्या फटीत खोचलं. नवशिके हमखास ते घराबाहेरच्या टपालपेटीत टाकतात, आणि तिकीट न लावता तिथे काही टाकणं हा गुन्हा आहे. पोस्टमनने तक्रार केली की समोरच्यांना आयतं कोलीत मिळतं.

“कोणी शिकवलं रे?” मी विचारलं.

“घरीच,” तो म्हणाला आणि पुढच्या दाराकडे चालायला लागला.

मी हे कौतुकाने जनेलला सांगितलं. तिने कौतुक बाजूला ठेवलं आणि ‘घरीच’ तेवढं उचललं.

जुलैच्या मिरवणुकीत तिची खात्री पटत चालली. आमच्याकडे मिरवणुकीत पक्षांच्या सजवलेल्या गाड्या असतात, आणि बरोबर चालणारे पोरांसाठी गोड गोळ्या टाकतात. नवखा माणूस त्या हवेत उधळतो, मग एखाद्याच्या डोळ्याला लागतं नाहीतर पोरं चाकाखाली धावतात. थॅड रस्त्याच्या कडेने चालत, खाली वाकून, गोळ्या जमिनीलगत घरंगळत सोडत होता. एकही पोर कडेची रेघ ओलांडून आलं नाही.

“हे एका वर्षात येत नाही,” जनेल माझ्या कानाशी पुटपुटली. “हा लहानपणापासून कोणाच्या तरी गाडीबरोबर चाललाय. आणि ती गाडी आपली नव्हती. त्याच्या गावाकडे आपली गाडीच नसते.”

“अगं, चांगलं काम करतो म्हणून संशय घ्यायचा? मग माझ्यावर तुझा फार विश्वास असेल.”

“तुझ्यावर आहेच. तू अजून झेंडा उलटा धरतेस.”

सप्टेंबरात भलतंच सुरू झालं. आम्ही शनिवारी ज्या रस्त्यावर जायचं ठरवायचो, तिथे शुक्रवारीच रिपब्लिकनांची पत्रकं पडलेली असायची. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा मलाही विचित्र वाटलं. आतून कोणीतरी सांगत होतं. जनेलने बोट दाखवलं नाही, पण थॅडचा फोन डब्यात टाकताना ती झाकण जरा जोरात लावायला लागली. तो काही बोलायचा नाही. त्याचं न बोलणंही तिने त्याच्याच खात्यावर मांडलं. खरं सांगते, तोवर माझंही मन फिरलं होतं. त्याच्या घरच्यांबद्दल विचारलं की तो खुर्च्या आवरायला उठायचा.

वाढदिवस जवळ आला तशी जनेलने सापळा लावला. मीटिंग संपल्यावर तिने थॅडला बाजूला घेतलं. राज्याच्या सभागृहासाठी आमच्या उमेदवार बेकस्ट्रॉमबाई येत्या शनिवारी सकाळी हॉलवर येणार आहेत, गाजावाजा न करता, मोजक्या लोकांना भेटायला, असं तिने त्याला सांगितलं. “बाकी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या पूर्ण विश्वासातलं एक माणूस आणलंस तर चालेल.” आणि हॉलची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

बेकस्ट्रॉमबाई त्या शनिवारी राज्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या. थॅड फितूर असेल तर हॉलवर कॅमेरे घेऊन माणसं येणार, आणि जनेल त्यांचे फोटो काढून त्याला सगळ्यांसमोर उभा करणार, असा बेत होता. नसेल तर काय, हे मी विचारलं नाही. तिनेही तेवढा पुढचा विचार केला नसावा.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी माझ्या पिकअपमध्ये, समोरच्या लुथरन चर्चच्या आवारात, दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये दबा धरून बसलो. आभाळ भरून आलं होतं. हॉलच्या खिडकीतून थॅड खुर्च्या मांडताना दिसत होता. मग तो बाहेर आला, पायरीवरची पानं झाडली, आणि आपल्या गाडीने कुठेतरी गेला.

“गेला बोलवायला,” जनेल म्हणाली.

थोड्या वेळाने एक जुनी ब्युइक गाडी आली. चालवत थॅडच होता. मागच्या बंपरवर रिपब्लिकनांचं स्टिकर, दुरूनही वाचता येईल एवढं. जनेलने माझा दंड असा आवळला की कळ आली. “गाडीसुद्धा बदलून आणली. बघ, बघ.”

थॅडने पलीकडचं दार उघडलं आणि एका बाईला हात देऊन उतरवलं. साठीच्या पुढची बाई होती. निळा लोकरी कोट, त्यावर चांदीची पिन, डोक्याला रुमाल आणि डोळ्यांवर काळा चष्मा. उतरल्या उतरल्या तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

“एवढ्या ढगाळ हवेत काळा चष्मा,” जनेल म्हणाली आणि फोटो काढत सुटली. बाईचा, गाडीचा, स्टिकरचा, थॅड बाईचा हात धरून पायरी चढतो त्याचा. “आणि ती पर्स बघ केवढी. त्यात काय मावणार नाही?”

मी म्हटलं, “जनेल, एकच बाई आहे. तीसुद्धा गुडघे दुखणारी.”

“एकच पुरते. मला एकच पुरला होता.”

ती उतरून तरातरा निघाली, मी मागे धावले. हॉलमध्ये कॉफीचा वास भरला होता. खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, टेबलावर लिंबाच्या वड्यांचा ट्रे. त्या मोठ्या पर्समधून तोच निघाला होता. बाई पहिल्या रांगेत कोटाची सगळी बटणं लावून बसली होती. जनेलला पाहून ती अडखळत उठून उभी राहिली.

“याच का त्या?” तिने थॅडला विचारलं.

“नाही, आई. ही जनेल. आमची अध्यक्ष.”

जनेल जागच्या जागी थांबली. “आई?” ती म्हणाली. “आणि गाडी कोणाची आहे?”

“बाबांची. आई ती घेऊन माझ्या खोलीपर्यंत आली होती.” थॅडने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मग सांगून टाकलं. “ते तिकडे रिपब्लिकनांचं काम करतात. मी शाळेत असल्यापासून त्यांच्याबरोबर दारोदार फिरलो, मिरवणुकीत चाललो. सगळं त्यांच्याकडूनच शिकलो. इथे सांगितलं असतं तर तू मला दारातून आत घेतलं असतंस का?”

घेतलं नसतं. ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

“त्याच्यावर रागावू नका,” मिसेस ओल्स्टाड म्हणाल्या. चष्मा त्यांनी हातात घट्ट धरला होता. “मीही घरी खोटं बोलूनच आलेय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलंय, म्हणून हा चष्मा. लग्न झाल्यापासून यांच्या प्रत्येक सभेला कॉफी मीच करते. मत द्यायला आडोशाला गेले की मात्र माझं मत माझं असतं. कधी कोणाला बोलले नाही. याला मागच्या वर्षी सांगितलं, तेवढंच.” त्या जरा हसल्या. “जिला मत द्यायचं तिला एकदा समोरून बघावं असं फार वाटायचं. किती वाजता येतील त्या?”

कॉफीचं भांडं तेवढं गुरगुरत होतं. मला वाटलं जनेल आता काहीतरी थाप मारेल, गाडी बंद पडली म्हणेल, ताप आला म्हणेल. मनातून मला तेच हवं होतं.

“त्या येणार नाहीत,” जनेल म्हणाली. “येणारच नव्हत्या. थॅड बातम्या बाहेर देतो असं मला वाटत होतं, म्हणून मी हे रचलं.”

थॅडने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने शेवटच्या रांगेतली एक खुर्ची घडी घातली, मग दुसरी. पत्र्याच्या त्या आवाजाने मला इतकी शरम वाटली की मी भिंतीकडे बघत राहिले.

मिसेस ओल्स्टाड सावकाश खाली बसल्या. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळीच भीती आली. “मग तुम्ही बाहेरून आमच्यावर नजर ठेवून होतात?” त्यांनी विचारलं. “कोणी फोटो नाही ना काढला? गाडीचा नंबर दिसला तर हे ओळखतील.”

मी जनेलकडे पाहिलं. चीज विकत घेणाऱ्याशीही जपून बोलणारी ही बाई, तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. तो टोपीवाला माणूस तिला त्या क्षणी आठवला असणार. मला तरी आठवला.

ती त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि फोन त्यांच्या हातात दिला. “मी काढलेत. तुम्हीच पुसा, एकेक करून. मी पुसले म्हटलं तर तुम्ही का विश्वास ठेवावा?”

मिसेस ओल्स्टाडनी चष्मा पर्समध्ये टाकला आणि फोन डोळ्यांजवळ धरला. गाडीचा फोटो पुसला. स्टिकरचा पुसला. जनेल कुठे दाबायचं ते दाखवत होती. मुलाचा हात धरून पायरी चढतानाचा फोटो आला तेव्हा त्या थांबल्या. त्यात त्यांची मान ताठ होती, कोट छान दिसत होता, आणि वर दारावरची आमची पाटी अख्खी वाचता येत होती.

“हा राहू दे,” त्या म्हणाल्या. “पण तुझ्याकडेच ठेव. माझ्या घरात याला जागा नाही.”

मग त्यांनी ट्रे पुढे ओढला आणि वड्या कापल्या. आम्ही त्या उभ्याउभ्याच खाल्ल्या. थॅडने खाल्ली नाही.

पुढच्या आठवड्यात आमचा फितूरही सापडला. मोठ्यांच्या कमिटीचे ऑर्व्हिल आजोबा जनेलचं बातमीपत्र, शनिवारच्या रस्त्यांच्या यादीसकट, दर शुक्रवारी सकाळी कॅफेत नाश्त्याला शेजाऱ्याला ओरडून वाचून दाखवायचे. कानाचं यंत्र घरी विसरून. पलीकडच्या टेबलावर अख्खी रिपब्लिकन पार्टी ऑम्लेट खात असायची. त्यांना कान द्यायचीही गरज नव्हती. हे कळलं तेव्हा बाकीचे पोट धरून हसले. जनेलला हसू आलं नाही.

वाढदिवसाआधी जनेलने खास बोलावलेल्या मीटिंगला थॅड येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला. फोन डब्यात टाकायला पुढे झाला तर दाराशी डबाच नव्हता. जनेलने त्याचं नाव सुचवलं, हात वर झाले, तो अध्यक्ष झाला. तिने अध्यक्षाची किल्ली पुढे केली, तर तो घेईना.

“ही खरी मीटिंग आहे ना?” त्याने विचारलं. “की हेही तसंच?”

“खरी आहे,” जनेल म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही ‘खरी आहे’ म्हटलं, तेव्हा कुठे त्याने किल्ली घेतली. बातमीपत्र आता तोच काढतो. जनेल अजून त्याला बातम्या पाठवते, आणि तिची प्रत्येक बातमी तो मला फोन करून पुन्हा विचारतो. तिला ते माहीत आहे. तो फोटो तिच्या फोनमध्ये आहे, आणि चीज फॅक्टरीत काउंटरवर उभी असताना कोणाची नजर पडू नये म्हणून ती फोन आता पालथा ठेवते.