मोठा हिरा की लहान?

साखरपुड्याची अंगठी घ्यायला मी धाराशिवच्या सराफाकडं गेलो होतो. समोर एकाच किमतीच्या दोन अंगठ्या होत्या. एकीचा हिरा मोठा, पण आत बारीक डाग. दुसरीचा लहान, पण अगदी स्वच्छ. माझं काही ठरेना. शेजारी जोडवी घ्यायला आलेल्या एका मावशींनी न विचारताच मोठ्या हिऱ्याची अंगठी बोटात घातली आणि हवेतच भाकरी थापून बघितली.

"खडा लई वर आलाय. पीठ अडकंल ह्यात," त्या म्हणाल्या.

"पण मावशी, मला हाच आवडलाय."

"मग घे की! भाकरी तू थाप."

सराफासकट सगळे हसले. जोडवी घेऊन मावशी कळंबच्या एसटीला गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. मी मोठाच हिरा घेतला. आता घरी भाकऱ्या मीच थापतो. अजून एकही गोल झालेली नाही.