वीतभर उतरलेली शिवण

मास्तरांच्या दुकानात बसायला एकच बाक आहे. त्या बाकावर बसून आमच्या गावाने जेवढे सामने जिंकले, तेवढे मैदानावर कधी जिंकले नाहीत.

मास्तर म्हणजे आमचे शिंपी. मशीनच्या पायडलवर पाय ठेवून त्यांना चाळीस वर्षं झाली. गळ्यात टेप, कानामागे खडू. कुणाच्या हाताखाली शिकले नाहीत. लोकांचे जुने कोट उसवून शिवण शिकले. अजूनही नवं कापड हातात आलं की आधी अंगठ्याने चोळून बघतात आणि मगच बोलतात.

गावच्या फुटबॉल संघाच्या जर्सी तेच शिवतात. निळं अंग, लांब पांढऱ्या बाह्या. विकतच्या जर्सीची शिवण खांद्याच्या हाडावर बसते, धक्काबुक्कीत तिथेच काचते आणि तिथेच उसवते. मास्तर अंगाचं निळं कापड दंडावर वीतभर खाली आणतात, काखेत एक चौकोनी तुकडा जोडतात आणि पांढरी बाही तिथून पुढे लावतात. हात कसाही फिरवा, टाका हलत नाही. शेजारच्या गावांनी तसला काट मागितला. मास्तरांनी दिला नाही.

यंदा आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो होतो. दोन्हीकडे एकेक गोल, पाचच मिनिटं उरलेली. समोरच्याने फटका मारला आणि मास्तरांचा भाचा हात पसरून आडवा पडला. चेंडू त्याला लागून बाहेर गेला, शिट्टी वाजली आणि पेनल्टी मिळाली ती त्यांना. कपही त्यांनाच. शिट्टी वाजवणारी पंच आमच्याच दवाखान्यातली नर्सबाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर जागा नव्हती. हात पसरलेला होता हे सगळ्यांना मान्य होतं. वाद एवढाच, की चेंडू लागला कुठे. नियम असा, की काखेच्या रेषेखाली लागला तर हात, वर लागला तर खांदा. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून आला होता. रोज लोकांच्या दंडात सुया टोचणाऱ्या बाईला खांदा ओळखू येऊ नये, यावर त्याने सगळ्यांना हसवलं.

तेवढ्यात कप्तान आला. तो बस चालवतो आणि कामावर निघालेला होता. त्याने भाच्याची न धुतलेली जर्सी मशीनवर पसरली. मुठीएवढा चिखलाचा गोल डाग, आणि तो सगळाच्या सगळा निळ्यावर. पांढऱ्याला शिंतोडाही नाही. निळं म्हणजे अंग, पांढरं म्हणजे हात, हे गावाने केव्हाच धरलं होतं. कप्तानाने खिशातून फुटबॉल मंडळाकडे करायची तक्रार काढली. ती मान्य झाली तर सामना पुन्हा होणार होता आणि बाईंची शिट्टी कायमची जाणार होती. शिवणाऱ्याची सही तेवढी हवी होती, की डाग अंगाच्या कापडावर आहे, बाहीच्या नाही.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तेच त्यांना बोचलं. शिवाय भाचा म्हणजे त्यांच्या घरात वाढलेलं पोर. कालपासून जेवला नव्हता. एका सहीत त्याच्यावरचा ठपका पुसला जाणार होता.

त्यांनी कागद कात्रीखाली ठेवला आणि लाकडाच्या वखारीतून भाच्याला बोलावून आणायला सांगितलं. तो आला तेव्हा केसांत भुसा होता.

"जर्सी घाल," मास्तर म्हणाले. "हात खाली सोड."

त्यांनी काखेच्या तळापाशी टेप धरला, आडवा दंडावर आणला आणि कानामागचा खडू काढला. निळ्या कापडावर पांढरी रेघ उमटली. रेघेखाली चार-पाच बोटं निळं कापड होतं, मग शिवण. डाग त्या दोहोंच्या मधोमध होता.

बाकावरचे सगळे वाकून बघत होते. न्हाव्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकसुद्धा टॉवेल गळ्यात घेऊन दारात उभं होतं.

"कापड कुठे संपतं ते मी ठरवतो," मास्तर म्हणाले. "हात कुठे सुरू होतो, ते नाही."

भाचा खाली बघत होता. "मामा, लागला तेव्हाच दंड झिणझिणला होता," तो म्हणाला. "पण सगळे खांदा म्हणायला लागले, मग मलाही खांदाच वाटायला लागला."

"आता घरी जा आणि जेव. मामी ताट झाकून बसली आहे."

न्हावी सुस्कारा टाकून म्हणाला, की मास्तर, एका रेघेत कप घालवलात. कप कालच गेला होता, मास्तरांनी सांगितलं. आज जात होती ती बाईंची शिट्टी.

कप्तानाने बिनसहीच्या कागदाची घडी घातली. निघताना दारात थांबून त्याने एक विनंती केली, की पुढच्या वर्षी शिवण खांद्यावर घ्या, म्हणजे वादच नको. मास्तरांनी मान डोलावली नाही. बघणाऱ्याला चुकायचं तर तो कशालाही बघून चुकेल, म्हणाले. खेळणाऱ्याचा खांदा मोकळाच राहील. आणि मशीन सुरू केलं.

कप पलीकडच्या गावात आहे. तिथे तो काचेच्या कपाटात ठेवलाय म्हणतात. आमच्याकडे दाखवायला खडूची रेघही उरली नाही. मामीने जर्सी धुतली. पण पुढच्या सामन्याला त्याच बाई पंच होत्या, जर्सी त्याच काटाच्या होत्या, आणि चेंडू कुणाच्या दंडाला घासला तेव्हा आमची सगळी बाजू ओरडायचं सोडून स्वतःच्याच काखेत हात घालून रेषा शोधत होती.