साहेबाच्या फेरीतला उखाणा

आक्का, माझी थोरली बहीण, तिचं तान्हं मूल गेल्यावर बोलेनाशी झाली. पुढे ठेवलं तर जेवायची, नाही तर चुलीकडे बघत बसायची. चौक गावच्या तिच्या सासऱ्यांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घातलं आणि आमच्या बाबांना सांगितलं, "तिथल्या डाक्टर साहेबानं शहाणी म्हटली तर घरी आणू. नाय तर येत्या वैशाखात पोराचं दुसरं लगीन लावू."

आम्ही कर्जतहून आगगाडीने तिला बघायला गेलो. तोवर ती बोलायला लागली होती. मला बघून म्हणाली, "येणी कुनी घातली गं, उंदरांनी?" मला हसू आलं आणि आईला रडू.

मग साहेबाची फेरी आली. पुढे गोरा साहेब, मागे त्याचा दुभाषा. दुभाष्याची मराठी बाजारात भाव करण्यापुरती. साहेब खाटेपाशी थांबत नसे, चालता चालता विचारी: नाव काय, गाव कोणतं, नवऱ्याचं नाव काय. पहिली दोन उत्तरं आक्काने दिली. तिसऱ्याला तिने पदर तोंडाशी नेला आणि खाली बघितलं. तेवढ्यात साहेब पुढच्या खाटेपाशी पोचलाही. बाबा हात जोडून मागे धावले, "साहेब, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नायत."

"फेरीत घरच्यांनी बोलायचं नाही," म्हणत शिपायाने त्यांना बाजूला केलं.

निघताना आई आक्काच्या कानाशी म्हणाली, "उखाण्यात घे गं. उखाण्यात घेतलेलं चालतं."

पुढच्या खेपेला आक्का केस विंचरून, कुंकू लावून उभी होती. साहेबाने विचारलं. तिने लग्नात घेतला होता तोच उखाणा घेतला, भाताच्या राशीचा, आणि शेवटी नाव. अगदी स्पष्ट. दुभाषा हसला. साहेबाशी काही बोलला आणि आम्हाला म्हणाला, "अजून बरी नाही. विचारलं तर गाणी गाते."

वैशाखात तिच्या नवऱ्याचं लग्न झालं.

त्यानंतर साहेब बदलला, आपल्याकडचा डॉक्टर आला. हा प्रत्येकीपाशी स्टुलावर बसे. सोबत एक म्हातारी दाई ठेवी आणि घरच्यांनाही बोलू देई. आक्काला त्याने विचारलं, "घरी गेल्यावर पहिलं काय कराल?"

"चूल सारवीन," ती म्हणाली.

त्याच फेरीत तिला सोडलं. सगळे म्हणतात, इस्पितळात केवढी सुधारणा झाली. झाली खरी. स्टूल आधीही तिथेच होतं.

चूल ती आमच्या घरची सारवते. चौकला तिच्या चुलीपुढे दुसरी बसली आहे. आता आक्का नवऱ्याचं नाव घेते. उखाण्याशिवाय, पदर न सावरता, पाणवठ्यावर सगळ्यांसमोर, हाक मारावी तसं. बायका घागरी उचलून बाजूला होतात आणि म्हणतात, "हिचं येड काय गेलं नाय."