एका टाकीत गावापर्यंत

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयपूरच्या गोपालपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात होतो, हातात भाजीची पिशवी. पलीकडून आक्का, माझी थोरली बहीण, अगदी शांत आवाजात म्हणाली, "दीपक, दाजी गेले रे. आत्ताच. चहा पिता पिता." मी तिथंच पायरीवर बसलो. वरच्या मजल्यावरची क्लासची पोरं वह्या सावरत माझ्या बाजूनं उतरत होती, आणि माझ्या डोक्यात एकच येत होतं, दाजी काही चहा अर्धा टाकून उठणारा माणूस नव्हे... आता दीड महिना होत आला. अजूनही त्यांच्याबद्दल 'होते' असं लिहिताना हात अडखळतो.

दाजी म्हणजे हणमंतराव निकम. आमच्या माण तालुक्यातलेच, आणि सगळी नोकरी फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. शेवटची पोस्टिंग जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर मुरलीपुऱ्यात छोटंसं घर घेऊन ते इथंच राहिले, कारण आक्काला पुन्हा सामान बांधायचा कंटाळा आला होता. दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंकांत संसार भरायचा, दुसऱ्या गावी तो उपसायचा, यातच तिची उमेद गेली. एकदा ती सहज बोलून गेली की न बांधता, न सोडता आख्खं घरच कुठंतरी हलावं. बायका असं शंभरदा बोलतात. दाजींनी मात्र ते मनावर घेतलं. लिलावातला एक जुना फौजी ट्रक आणला, त्यात डिझेल इंजिन बसवलं आणि मागच्या हौद्यावर चक्क खोली बांधली. दोन बाकं, शेगडीला कट्टा, दोन खिडक्या आणि आक्काच्या जुन्या इरकलीचे पडदे. मी म्हणालो, दाजी, आता उंबरठा तेवढा राहिला. तर पुढच्या रविवारी उंबरठाही होता!

मी नोकरीनिमित्त जयपुरात आलो त्याला सात वर्षं झाली. इथं मराठी कानावर पडायची ती मुरलीपुऱ्यातच, त्यामुळं माझे रविवार तिकडं जायचे. दुपारी ऊन कलतं झालं की आम्ही तिघं त्या उभ्या ट्रकमध्ये चहा घेऊन बसायचो. दाजी डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं म्हणायचे, "कोटा गेलं बरं का." मग आक्का एक घोट घ्यायची. "हां, आता इंदूर." नर्मदा आली की ती खरंच हात जोडायची. गल्लीत कुणाची स्कूटर वाजायची, गच्चीवरून पतंगाचा मांजा खिडकीवर घासत जायचा, आणि आम्ही मात्र तापी ओलांडून धुळ्याकडं निघालेलो असायचो... मला त्या वेळी खरंच हलल्यासारखं वाटायचं. चहा संपला की साताऱ्याच्या अलीकडं कुठंतरी उतरायचं आणि मी माझ्या बसला निघायचो.

गेल्या हिवाळ्यात ट्रकची टाकी गेली. तळ गंजून डिझेल ठिबकायला लागलं. त्याच महिन्यात डॉक्टरांनी दाजींचं हृदय तपासून लांबचं ड्रायव्हिंग बंद सांगितलं. दाजी हसले, हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी टाकी शोधायला लागले. साधीसुधी नाही, मालाच्या ट्रकला असते तसली दोनशे लिटरची. मी चिडलो. म्हटलं, रस्त्यावर जिकडं तिकडं पंप आहेत, कशाला हवाय हा रांजण? तेव्हा ते जे बोलले ते मी विसरणार नाही. "पाव्हणं, नोकरी होती तोवर रजा मागून गावी गेलो. साहेबानं दिली तर जायचं, नाही तर नाही. आई गेली तेव्हापण मागावीच लागली. एकदा असं जायचंय, की हितनं भरली आणि दारात जाऊन थांबलो. मधी कुणाला काही मागायचं नाही."

मला ते कळलं नाही असं नाही. पण मला माणूस हवा होता, त्याची हौस नको होती. मी आक्काला फितवायला गेलो, तर ती भाजी निवडत म्हणाली, "बसवू दे रे मोठी. त्यांना जायचं नाहीये. जाता येईल, एवढंच हवंय." तरी मी माझा शहाणपणा केलाच. दाजींना न विचारता सीकर रोडवरच्या एका पत्र्याच्या कारागिराकडं गेलो आणि चाळीस लिटरची टाकी बनवून घेतली. तो बिचारा कूलर आणि धान्याच्या कोठ्या बनवणारा. त्यानं पांढराशुभ्र, चकचकीत पत्रा दाखवला, म्हणाला, "साहब, इसको कभी जंग नहीं लगेगा." मला आणखी काय हवं होतं? न गंजणारी, आणि लांब न जाणारी.

रविवारी मी ती ऐटीत अंगणात ठेवली. दाजींनी चष्मा लावला, टाकीवरून हात फिरवला आणि मान हलवली. जस्ताच्या पत्र्यात डिझेल ठेवत नाहीत. जस्त डिझेलमध्ये उतरतं, त्याचा साका होतो आणि फिल्टर तुंबून गाडी रस्त्यात उभी राहते. हे त्यांनी मला वर्कशॉपमध्ये नव्या रिक्रूटला सांगावं तसं सांगितलं, न रागावता. मग टाकीकडं बघत म्हणाले, "आणि काय पाव्हणं, आम्हाला चाकसूपर्यंतच सोडताय व्हय?" चाकसू म्हणजे जयपूर सोडल्यावर तासाभराचं गाव. माझी मान खाली गेली. ती टाकी त्यांनी फेकली नाही. खोलीत आक्काच्या कट्ट्याखाली पाण्यासाठी बसवली, नळ लावून.

मग भंगार बाजारात आम्ही दोघं गेलो. काय ती निवड! मुलगी बघायला गेल्यासारखे दाजी एकेका टाकीपुढं बसायचे. बाहेरचे पोचे त्यांना चालायचे, आतला गंज चालायचा नाही. बॅटरी मारून आत बघायचे, आत आडव्या पट्ट्या आहेत ना हे तपासायचे, नाहीतर वळणावर डिझेल हेलकावतं म्हणे. चौथ्या दुकानात एक पसंत पडली. घरी आणून आत बारीक खडी घालून आम्ही ती दोन बाजूंनी धरून हलवली, धुतली, वाळवली. मग आत रॉकेल, बाहेर सांध्यांवर खडूचा लेप. कुठं पाझर असला तर पांढऱ्यावर ओला डाग येतो. दाजी दिवसभर उन्हात खुर्ची टाकून त्या पांढऱ्या रेघांकडं बघत बसले. डाग आला नाही. त्या दिवसाइतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

टाकी बसली, आणि ट्रक एकदाच बाहेर पडला. शीतला मातेच्या दर्शनाला, खरोखर चाकसूपर्यंतच. मीच चालवला. त्या देवीच्या रीतीप्रमाणं आदल्या दिवशीचं थंड जेवण आम्ही मागच्या खोलीत बसून जेवलो आणि दाजींनी खिडकीतून टोंक रोडकडं, पुढं कोट्याकडं जाणाऱ्या गाड्यांकडं बघत हात धुतले. पंधरवड्यानं ते गेले.

तेराव्यानंतर मी ट्रक विकायचं ठरवलं. आक्का एकटी, दारात ते धूड कशाला? ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. गेल्या रविवारी गिऱ्हाईक आलं. त्यानं फिरून सगळं बघितलं, टाकीवर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाला, "इसमें तो तेल भरा है. ऊपर तक." मला खरं वाटेना. चाकसूहून आलो तेव्हा टाकी जवळजवळ कोरडी होती. झाकण काढून काठी घातली, तर ती वरपर्यंत ओली.

आक्का उंबरठ्यात उभी होती. "कॅन घेऊन जायचे," ती म्हणाली. "रोज सकाळी, सायकलला लावून. आणि मी नरसाळं धरायची. सोमवारी निघणार होतो आम्ही. तुला सांगितलं नव्हतं, तू नको म्हणाला असतास."

मी नको म्हणालो असतो. याची लाज वाटावी की नाही, हे मला अजून कळत नाही. कुठल्या तरी घाटात, आक्का शेजारी बसलेली असताना ते गेले असते, तर? पण मग निदान ते निघालेले तरी असते... मी गिऱ्हाईकाला परत पाठवलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. सीटवर दाजींच्या वजनाचा खड्डा होता, मी त्यात नीट मावत नव्हतो. तिथं बसून मी खूप रडलो, ते इथं लिहायला मला संकोच नाही.

थोड्या वेळानं आक्का दुसऱ्या बाजूनं चढली, पदर आवरून बसली. समोरच्या काचेतून गल्लीकडं बघतच म्हणाली, "तुला सुट्टी किती दिवस मिळते रे?"

मी म्हटलं, आठ दिवस मिळतील.

"दहा घे," आक्का म्हणाली. "घाईत चालवलेलं त्यांना आवडायचं नाही."